बॅटरीला लंघन

(चिपळूण येथील स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



इथे उभा राहिलो आणि पहिली नजर गेली ती मागच्या दाराकडे. तिथल्या प्लगला कुणीतरी ड्रिलच्या बॅटरीचा चार्जर लावून ठेवलाय. त्याचा लाल दिवा मला इथून दिसतो. काढू नका, राहू दे. सभागृहाची वीज फुकट जाते अशी माझी तक्रार नाही. उलट आजच्या विषयाला याहून चांगलं प्रात्यक्षिक मला आणता आलं नसतं. मी अधूनमधून तिकडे बघेन, घड्याळ बघतोय असं समजू नका.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडे व्याख्यानांचे विषय ठरल्यासारखे झालेत. संत, समाज, साहित्य, फार तर अर्थसंकल्प. यंदा संयोजकांनी मला विषय विचारला. मी म्हटलं, ‘बॅटरीवरच्या मशिनांच्या बॅटऱ्या कशा सांभाळाव्यात.’ फोनवर बराच वेळ शांतता होती. पत्रिकेवर त्यांनी ‘ऊर्जा आणि कारागीर’ असं छापलंय. त्यात माझा हात नाही.

एक कबुली आधीच देतो. आज मी ज्यांच्या आठवणीत हे व्याख्यान आहे त्या आमच्या सुतार मिस्त्रींचाच एक नियम मोडायला उभा आहे, तोही त्यांच्या स्मृतिदिनी आणि त्यांच्या पत्नीच्या, काकूंच्या देखत.

तो नियम इथल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या तोंडून ऐकलेला आहे. बॅटरी पुरती रिकामी झाल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही, आणि लावली की रात्रभर काढायची नाही. मिस्त्रींनी नागदेवी स्ट्रीटवरून १२ व्होल्टचं बॅटरीचं ड्रिल आणलं तेव्हा आमच्या गल्लीत ते बघायला माणसं जमली होती. तोवर भोक पाडायचं तर गिरमिट, त्याच्याही आधी दोरीचा सामता, आणि लाईट असेल तर वायरचं ड्रिल. नव्या घराला लाईट आलेली नसतानाही दारं बसवता येतात ही तेव्हा चमत्काराचीच गोष्ट होती. संध्याकाळी काम संपलं की मिस्त्री त्या ड्रिलच्या बटणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायचे आणि ते पडवीत ठेवून द्यायचे. मग ते घूं घूं करत फिरत राहायचं. आवाज बारीक होत होत मोटर थांबली की बॅटरी काढून चार्जरला. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनची पोरं शिकवणारा, त्यामुळे मला राहवायचं नाही. मी विचारायचो, हे कशाला? ते म्हणायचे, ‘मास्तर, पोटात जुनं असताना वर नवं खाऊ नये. बॅटरीलासुद्धा लंघन पाहिजे.’

हे ऐकायला इतकं बरं वाटतं की ते चुकीचं असेल असं मनातच येत नाही. आणि ते पूर्ण चुकीचं नव्हतंच.

मिस्त्रींची बॅटरी निकेल-कॅडमियमची होती. ही जात फार जुनी. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी ती १८९९ साली केली. बॅटरीवर चालणारं पहिलं ड्रिल ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ साली आणलं, तेही याच जातीच्या सेलवर. (ते ड्रिल चंद्रासाठी शोधलं असं एक पाठ्यपुस्तकी वाक्य फिरतं. ते उलटं आहे. ड्रिल आधी आलं, नासाचं काम मागून. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या मातीत बॅटरीचं ड्रिल घातलं, आणि आत गेलेली नळी बाहेर येईना तेव्हा दोघांनी मिळून खांदा लावून ती उपसली. भोक पाडणं सोपं आणि बिट बाहेर काढणं अवघड, हे चंद्रावरही चुकत नाही.)

या जातीच्या सेलबद्दल एक गोष्ट प्रसिद्ध झाली, ती म्हणजे सेलची ‘स्मृती’. पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह दर फेरीत ठरावीक वेळ उन्हात असतो आणि ठरावीक वेळ सावलीत. सावलीत त्याची बॅटरी दरवेळी अगदी मोजून तेवढीच उतरते, उन्हात परत भरते. असं शेकडो वेळा झालं की सेलला जणू तेवढंच द्यायची सवय लागते आणि त्याहून जास्त मागितलं की त्याचा जोर ओसरतो. ही गोष्ट खरी आहे. पण आमच्या सुताराचा दिवस उपग्रहासारखा असतो का? आज चार बिजागऱ्या, उद्या अख्खं स्वयंपाकघर. तेवढीच, मोजून, रोज, असं त्याचं काहीच नसतं. आपल्याकडे बॅटऱ्या बसायच्या त्या बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने. रात्र रात्र चार्जरवर राहून त्या तापायच्या, आणि आतलं कॅडमियम बारीक दाण्याचं मोठ्या खड्यांचं व्हायचं. मध्येच एकदा नीट उतरवली की ते खडे थोडे फुटायचे आणि बॅटरी पुन्हा हुशार व्हायची. म्हणजे मिस्त्रींच्या लंघनाला गुण येत होता, पण दुखणं त्यांच्याच रात्रभरच्या जेवणाने झालेलं असायचं.

आणि ती ट्यूबची पट्टी? त्यात नुकसान होतं. १२ व्होल्टच्या त्या पॅकमध्ये १.२ व्होल्टचे दहा सेल एकामागे एक जोडलेले. शिमग्याची पालखी दहा जणांनी खांद्यावर घेतलीय असं धरा. त्यातला एक दमला आणि बसला, तरी बाकीचे नऊ नाचतच राहिले तर तो फरफटतो. सेलचं तसंच होतं. जो सगळ्यांत कच्चा तो आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून वीज उलटी ढकलत राहतात. मोटर पुरती थांबेपर्यंत थांबलात तर तो सेल कायमचा जातो. जोर कमी झाला की थांबायचं, एवढं केलं असतं तरी पुरे होतं. हे मी मिस्त्रींना एकदा सांगितलंही. ते म्हणाले, ‘तुझं ड्रिल कुठलं?’ माझ्याकडे ड्रिल नव्हतं. विषय संपला.

आता मुद्द्याकडे. मिस्त्री गेले आणि त्यांचा नियम राहिला. त्यांच्या हाताखाली शिकलेले आज ठेकेदार झालेत, त्यांच्या हाताखालच्या पोरांकडे इम्पॅक्ट ड्रायव्हर आहे, ग्राइंडर आहे, जिगसॉ आहे, सगळं बॅटरीवर. आणि त्या बॅटऱ्यांत कॅडमियमचा कणही नाही. आत लिथियम-आयन बसलंय. माणूस बदलला, पण औषधाची चिठ्ठी जुन्या माणसाचीच चालू आहे.

लिथियम-आयनची कथा इथे पुरती सांगत नाही. स्टॅनली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याबद्दल मिळालं, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. सोनी कंपनीने १९९१ साली ते बाजारात आणलं. मशिनांमध्ये यायला आणखी दहा-पंधरा वर्षं गेली, कारण कॅमेऱ्याला लागते चमचाभर वीज आणि ग्राइंडरला एकदम बादलीभर.

त्याच्या आत काय चालतं, ते मी पोरांना एसटीवरून सांगायचो. चिपळूण डेपोत समोरासमोर दोन गाड्या उभ्या आहेत. एक ग्राफाइटची, दुसरी धातूच्या ऑक्साइडची. दोन्हींत आडवे थर, थरांमध्ये जागा. लिथियमचे आयन म्हणजे प्रवासी. चार्ज करताना सगळे ऑक्साइडच्या गाडीतून उतरून ग्राफाइटच्या गाडीत चढतात. तुम्ही ड्रिल दाबलंत की परत निघतात. मोडतोड काही नाही, नुसती ये-जा. म्हणूनच या सेलला स्मृती वगैरे भानगड जवळपास नाही. अर्धे प्रवासी गेले आणि परत आले, तरी गाडी कशाचा हिशेब ठेवत नाही.

पण गणपतीच्या आदल्या दिवशीची एसटी आठवा. पहिली तीस माणसं भराभर चढतात. शेवटच्या दहा जणांना जागा शोधायला त्या तिसांइतकाच वेळ लागतो. चार्जर नेमकं हेच ओळखतो. आधी तो मोठा प्रवाह धडाधड सोडतो. सेलचा दाब ४.२ व्होल्टपर्यंत आला की दाब तेवढाच धरून ठेवतो आणि प्रवाह हळूहळू आवळत नेतो. म्हणून पहिले ऐंशी टक्के झटकन भरतात आणि उरलेले वीस रेंगाळतात. मागच्या दाराजवळ बघा, आता लालच्या शेजारी हिरवाही लागलाय. त्या चार्जरवर याचा अर्थ असा की ऐंशी टक्के झाले. ज्याची बॅटरी आहे त्याने आत्ता काढून नेली तर बॅटरी त्याला आशीर्वादच देईल. पण कुणी उठू नका, अजून बरंच बोलायचंय.

भरलेली गाडी उन्हात उभी राहिली की आत काय होतं हेही तुम्हाला माहीत आहे. मला सर्वांत जास्त बोलायचंय ते यावरच, कारण इथेच आपल्या बॅटऱ्या मरतात. जुन्या पितळी बंबात आतून क्षाराचा थर चढायचा, तसा या सेलमध्ये ग्राफाइटवर एक पातळ थर बसतो. पहिल्या चार्जलाच तो बसतो आणि बसायलाच हवा, त्याच्यामुळेच सेल टिकतो. पण तो वाढत राहतो, आणि वाढताना आतलं लिथियम खातो. त्याच्या वाढीला दोन गोष्टी आवडतात. एक उष्णता, दुसरी पूर्ण भरलेला सेल. दोन्ही एकत्र मिळाल्या तर बॅटरी एक स्क्रू न पिळता, नुसती पडून पडून म्हातारी होते.

आता आपल्याकडचा नेहमीचा देखावा बघा. चाकरमानी गणपतीला येतो, मखराला चार भोकं पाडतो, ड्रिल साफ करून, बॅटरी ‘पुढच्या वर्षाला तयार’ म्हणून काठोकाठ भरतो आणि कौलांखालच्या माळ्यावर ठेवून मुंबईला जातो. एप्रिल-मेमध्ये त्या माळ्यावर हात ठेववत नाही. पुढच्या चतुर्थीला बॅटरी काढतो तर जोर अर्धा. मग दुकानदाराने फसवलं म्हणून दुकानदाराला शिव्या. फसवलं कुणीच नाही. चाकरमान्यानेच बॅटरी वर्षभर गर्दीच्या गाडीत उन्हात उभी करून ठेवली होती. बॅटरीवर चार दिवे असतील तर दोन लागतील इतकीच भरून, खालच्या खोलीत, कपाटात ठेवायची. चार-सहा महिन्यांनी घरी येणारा कुणी असेल तर एकदा बघायला सांगायचं. फ्रिजमध्ये ठेवायची नाही. हे कुणीतरी नक्की विचारणार होतं म्हणून आधीच सांगतो. बाहेर काढल्यावर आपल्या दमट हवेत तिच्यावर थेंब जमतात, आणि वाटणाच्या डब्याशेजारी तिची शोभाही नाही.

कामावरच्या बॅटरीचं ऊन वेगळं. स्कूटरच्या डिकीत बॅटऱ्या टाकून दुपारभर गाडी उन्हात. पत्र्याच्या शेडमध्ये वरच्या फळीवर चार्जर. आणि ग्राइंडर. ग्राइंडरचा हिशेब ऐका, कारण तो हिशेब समजला तर खरेदीत तुमचे पैसे वाचतील. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये ३.६ व्होल्टचे पाच सेल ओळीने असतात. भरल्यावर ते २१ व्होल्ट होतात. दोन ॲम्पिअर-तासांच्या लहान पॅकमध्ये एवढेच पाच. पाच ॲम्पिअर-तासांच्या पॅकमध्ये बहुतेक दहा असतात, दोन-दोनच्या पाच जोड्या. ७०० वॉटचा ग्राइंडर जोरात चालला की १८ व्होल्टवर जवळजवळ ४० ॲम्पिअर ओढतो. लहान पॅकमध्ये ते सगळे चाळीस प्रत्येक सेलमधून जातात. मोठ्या पॅकमध्ये जोडीतल्या प्रत्येकाला वीस. उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून प्रत्येक सेल निम्मा नाही, एक चतुर्थांशच तापतो. मोठी बॅटरी जास्त वेळ चालते हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती जास्त वर्षं चालते हे कुणी सांगत नाही. लहान पॅक ड्रिलला आणि स्क्रूला ठेवा, ग्राइंडरला आणि करवतीला मोठा.

ग्राइंडरवरून काढलेली बॅटरी हाताला चटका देते. ती तशीच चार्जरवर बसवायची नाही. चांगले चार्जर ती घेतच नाहीत. दिवा लुकलुकत ठेवतात, पंख्याने वारा घालतात आणि ती निवली की मगच चालू होतात. पोरांना वाटतं चार्जर बिघडला, म्हणून ते काढून-लावून, काढून-लावून करतात. कंपन्यांच्या पत्रकात साधारण १० ते ४० अंशांत चार्ज करा असं छापलेलं असतं. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली ४० अंश केव्हाच ओलांडलेले असतात. सकाळी किंवा रात्री भरा, जमिनीवर ठेवा, फरशी गार असते. ज्यांची मुलं कॅनडात आहेत आणि तिथे गॅरेजमध्ये सुतारकामाचा शौक करतात, त्यांना उलटं कळवा. शून्याखाली गारठलेली बॅटरी चार्ज केली तर लिथियम थरांत शिरत नाही, दारातच धातू होऊन साचतं. घरात आणून आधी ऊब येऊ द्या म्हणावं.

रिकामी करण्याचं आता काय? मिस्त्रींचा नियम इथे नुसता निरुपयोगी राहत नाही, तो घातकी होतो. लिथियमचा सेल साधारण अडीच व्होल्टच्या खाली न्यायचाच नसतो. मशीन स्वतःहून बंद पडतं ते त्यासाठी. पोरं काय करतात, दोन मिनिटं थांबून पुन्हा दाबतात. ते जरा फिरतं, पुन्हा बंद. असं पाच-सहा वेळा. आणि मग ती पिळून काढलेली बॅटरी पेटीत आठवडाभर पडते. तेवढ्यात ती आणखी उतरते आणि चार्जर तिला ओळखच देत नाही. मग बाजारातला कुणी जाणता दोन वायरी घेऊन चांगल्या बॅटरीने तिला ‘धक्का’ देतो, गाडी ढकलून चालू करावी तसा. बऱ्याचदा ती चालू होते. त्याच्या यशाचं मला वाईट वाटतं. सेल फार उतरला की आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं आणि परत चार्ज करताना भलत्याच जागी बसतं. आत शॉर्ट व्हायची वाट तयार होते. चार्जर नाही म्हणत होता तो हट्ट म्हणून नव्हे.

म्हणून लंघन नको. चहाच्या सुट्टीत लावा, जेवणाच्या सुट्टीत लावा, चारातला एक दिवा उरला की लावा. थोडं थोडं खायला मिळालं की ही जात जास्त जगते. मधुमेह झाल्यावर मिस्त्रींना डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं असं काकू मघाशी म्हणाल्या. ते त्यांनी कितपत पाळलं, ते काकूंनाच विचारा.

आता २२ जुलै २०२१. या सभागृहात त्या तारखेबद्दल वेगळं सांगायला नको. वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी गेल्यावर चार दिवसांनी माझ्या पडवीत मशिनांची पोती यायला लागली. चिखल, पेट्रोलचा वास, आणि त्या सगळ्यात बॅटऱ्या. मशीन वाचतं. उघडून धुतलं, वाळवलं, बेअरिंग बदललं, बरीच मशिनं आजही चालतायत. बॅटरीचं तसं नाही. आत सेलना जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या आणि छोटं सर्किट असतं. त्यावर गढूळ पाणी आणि वीज एकत्र आली की धातू झिजतो, क्षार चढतात, आणि ते काम पाणी आटल्यावरही चालूच राहतं. एका कारागिराने त्याच्या चार बॅटऱ्या पत्र्यावर दोन दिवस कडक उन्हात वाळवल्या. चारही चार्ज झाल्या, चारही चालल्या. पाचव्या रात्री त्यातली एक चार्जरवर असताना धुमसली. तो जागा होता म्हणून घर वाचलं. त्याला पैसे नव्हते, घर आधीच पाण्यात गेलं होतं, नवीन बॅटऱ्या घे म्हणणं मला सोपं होतं. तरीही मी तेच म्हटलं आणि आजही म्हणतो. पुरात बुडालेली बॅटरी चार्ज करायची नाही. अंगणात, घरापासून लांब, पत्र्यावर नाही तर मोकळ्या जमिनीवर ठेवायची आणि जमा करायची.

धुमसली तर? आधी मेन स्विच. मग भरपूर पाणी, लांबून. वाळूखाली झाकून चालत नाही. उष्णता आतूनच तयार होते, ती शेजारच्या सेलला पेटवते. पाणी सेल गार करतं. धूर मात्र छातीत जाऊ द्यायचा नाही, तो विषारी असतो. म्हणून चार्जर जिन्याखाली, पॉलिशच्या डब्यांशेजारी, भुशाच्या ढिगावर ठेवायचा नाही. पॉलिशवाले हसतायत, म्हणजे कुणाचा तरी तिथेच आहे.

खरेदीचं थोडक्यात. बाजारात हल्ली ४८, ८८, १२८ असे आकडे छापलेली मशिनं मिळतात आणि शेजारी ‘व्ही’च्या पुढे एखादं जास्तीचं अक्षर असतं. ते व्होल्ट नव्हेत. आत तेच पाच सेल, भरल्यावर २१ व्होल्ट. परदेशी बाजारात ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणून विकतात तेही १८ चंच भावंड. बॅटरीवर दहा ॲम्पिअर-तास लिहिलंय आणि ती हातात हलकी लागतेय? किराणा दुकानात वजन करा. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा जो सेल सर्रास वापरतात, त्याचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास असतं. दहा सेल म्हणजे निव्वळ सेलच साडेचारशे ग्रॅम. अख्खा पॅक तीनशे ग्रॅम भरला तर आत दहा सेल नाहीत, छापणाऱ्याने काही लिहू दे. तराजू पुस्तकी शिक्षणाशिवाय वापरता येतो हा त्याचा मोठा गुण आहे.

एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशिनाला लावायचा प्लास्टिकचा तुकडा मिळतो, तोही जपून. काही बॅटऱ्यांत ‘आता बस’ म्हणणारं सर्किट बॅटरीत नसून मशिनात असतं. तुकडा लावला की ते म्हणणारा कुणी राहत नाही. आणि सेल बदलून देणारे? चांगला माणूस असेल तर जरूर करून घ्या, पण तो निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडतो की साध्या सोल्डरने, ते बघा. तापलेला सोल्डर सेलच्या टोकाला सेकंद-दोन सेकंद जरी टेकला तरी आतला पातळ पडदा भाजतो. सगळे सेल एकाच वेळी, एकाच जातीचे बदलायचे. चार जुने आणि एक नवा म्हणजे पुन्हा ती पालखी.

नव्या बॅटरीबरोबर पिवळं किंवा काळं प्लास्टिकचं टोपण येतं. ते पहिल्याच दिवशी हरवतं. ते ठेवा. थैलीत बॅटरी आणि सुट्टे स्क्रू एकत्र टाकून स्कूटरवरून जाणारा माणूस बघितला की मी रस्त्याच्या कडेला होतो. एक स्क्रू दोन टोकांवर आडवा पडला की झालं. मिस्त्रींची पटाशी नेहमी चामड्याच्या टोपणात असायची. रंध्याचं पातं ते कधी जमिनीला टेकू द्यायचे नाहीत. हत्याराला जपणं त्यांना कुणी शिकवायला नको होतं, पण बॅटरीला ते हत्यार मानत नसत. ती त्यांच्या लेखी रॉकेल होती, मशिनात घालायची आणि संपवायची.

मेलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकायची नाही. गाडीत दाबली की ती फुटते आणि कचरा पेटतो. ऑगस्ट २०२२ पासून आपल्याकडे बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आहेत. त्यांत मशिनांच्या बॅटऱ्याही धरल्यात आणि त्या परत घेऊन त्यांचं पुढचं बघायची जबाबदारी बॅटरी बाजारात आणणाऱ्यावर टाकली आहे. म्हणून तालुक्याच्या दुकानदाराला न लाजता परत घे म्हणा. तो आश्चर्याने बघेल. तीन-चार जणांनी विचारलं की बघणार नाही. टोकांवर चिकटपट्टी लावून द्या. जुनी कॅडमियमवाली असेल तर ती द्याच. कॅडमियम हे भयंकर विष आहे. जपानमध्ये जिंत्सू नदीच्या पाण्यातून ते भातशेतीत गेलं आणि माणसांची हाडं ठिसूळ झाली. युरोपने मशिनांच्या बॅटऱ्यांना दिलेली कॅडमियमची सवलत २०१६ अखेर काढून घेतली ती उगीच नाही.

आणि तरीही त्या जातीबद्दल एक चांगला शब्द बोलल्याशिवाय मला आज बसता येणार नाही. मागच्या महिन्यात काकूंनी मला मिस्त्रींचं ते १२ व्होल्टचं ड्रिल दिलं. ते इथे टेबलावर आहे. बॅटरी खिळ्याला टांगलेली होती, पुरती रिकामी, ट्यूबची पट्टी अजून बटणाला. शेवटचं लंघन. लिथियमची बॅटरी इतकी वर्षं रिकामी राहिली असती तर मी तिला हात लावला नसता. पण निकेल-कॅडमियमला रिकामं राहून झोपायला चालतं. मी तिला बारीक प्रवाहावर सोळा तास ठेवलं. दर तासाला जाऊन हात लावून बघत होतो, आयटीआयतल्या पोरांनी बघितलं असतं तर हसली असती. सकाळी आंब्याच्या फळीवर बिट टेकवलं. नऊ भोकं पाडली. दहाव्याला आवाज बारीक झाला. मी लगेच बोट काढलं. जोर कमी झाला की थांबायचं, हे मी त्यांना सांगितलं होतं तेव्हा माझ्याकडे ड्रिल नव्हतं.

ज्यांना ते बघायचंय त्यांनी पुढे या, पोरांच्या हातात द्या. बॅटरी परत काकूंकडे जाणार नाही. तिची टोकं मी चिकटपट्टीने बंद केली आहेत, ती रत्नागिरीला जमा होईल. ड्रिल राहील.

मागे लाल दिवा विझलाय. हिरवा एकटाच उरून चांगली दहा मिनिटं झाली. कुणाची आहे ती? ... अरे, मिस्त्रींच्याच नातवाची. काढून घे बाळा. आणि लगेच मशिनाला लावू नको, आधी हात लावून बघ.